जोडीदार बदलत गेलेला माणूस

पुण्यातल्या कुठल्याही जिमखान्यावर सकाळी साडेसहाला जा, सगळ्या कोर्टांवर दुहेरीच चाललेली दिसेल. डॉक्टर, सीए, निवृत्त कर्नल, गुडघ्याला पट्टा बांधलेले बँकवाले, चार-चार जण मिळून खेळत असतात. एकट्याने अख्खं कोर्ट धावून काढायची कुणाची छाती असते या वयात? पण हीच मंडळी संध्याकाळी टीव्हीसमोर बसली आणि एकेरीचा सामना संपून दुहेरीचा सुरू झाला, की रिमोट शोधू लागतात. ‘चला, आता काय, डबल्स आहे.’ स्वतः जन्मभर जो खेळ खेळलो, तोच दुसऱ्याने जगात सर्वांत चांगला खेळून दाखवला तर बघायचा नाही, हे मला आजवर समजलेलं नाही.

मी लाइन अंपायर होते. पोटापाण्यासाठी शाळेत पी.टी. शिकवायचे आणि स्पर्धा आली की रजा टाकून बालेवाडीच्या क्रीडासंकुलात हजर. पगार म्हणाल तर रिक्षाभाडं सुटून थोडं उरायचं. लाइन अंपायरने चेंडूच्या मागे डोळे फिरवायचे नसतात, रेघ धरून बसायचं असतं, आणि याची सवय लागली की खेळ वेगळाच दिसू लागतो. दुहेरीत तर फारच. रिटर्न करणाऱ्याचा जोडीदार सर्व्हिस लाइनवर येऊन उभा राहतो, म्हणजे नेमका त्या रेघेवरच्या अंपायरच्या नजरेआड येतो. मान वाकडी करून बसावं लागतं. पण कोर्टाच्या टोकाला, सर्व्हिस करणाऱ्याच्या पाठीमागे ड्युटी लागली तर मात्र चैन असते, कारण तिथून चोरी दिसते.

चोरी म्हणजे हातांच्या खुणा. सर्व्हिसच्या आधी नेटजवळचा खेळाडू आपला एक हात पाठीमागे नेतो आणि बोटांनी काहीतरी सांगतो. समोरच्या दोघांना ते दिसत नाही. दिसतं ते सर्व्हिस करणाऱ्याला आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या आम्हा एक-दोघांना. एक बोट म्हणजे सर्व्हिस कुठल्या बाजूला टाक, बंद मूठ म्हणजे मी जागेवर राहणार, उघडा पंजा म्हणजे मी पलीकडे झेप घेणार, तू माझी बाजू सांभाळ. प्रत्येक जोडीची लिपी निराळी, त्यामुळे पहिले दोन-तीन गेम ती वाचण्यात जातात. एकदा वाचता आली की पुढचा पॉइंट कसा घडणार ते मला दोन सेकंद आधी कळायचं. आणि तरी चेहरा दगडाचा ठेवायचा! दुहेरी बघायला कधी गेलात तर मधल्या महागड्या खुर्च्या सोडा. बेसलाइनच्या मागे, होईल तितक्या खाली बसा आणि चेंडूऐवजी तो हात बघा.

हे सगळं कशासाठी, ते थोडं सांगते. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद असतं, दुहेरीचं ३६. दोन्ही कडांना साडेचार-साडेचार फुटांची पट्टी वाढते, पण सर्व्हिसचा चौकोन तेवढाच राहतो. म्हणजे सर्व्हिस तिथेच टाकायची, पण परतवणाऱ्यासमोर आता एक लांब हातांचा माणूस नेटला टपून बसलाय. चेंडू जरा उंच आला की त्याने मारलाच. म्हणून रिटर्न तिरका हवा, नेटला घासून जाईल इतका खाली हवा आणि पुढे धावत येणाऱ्या सर्व्हरच्या पायाशी पडायला हवा. एकेरीत बेसलाइनवरून वीस-वीस फटक्यांच्या रॅली चालतात. दुहेरीत पहिल्या तीन-चार फटक्यांतच निकाल ठरतो, आणि त्यातही सर्व्हिसच्या वेगापेक्षा पहिली सर्व्हिस आत पडते की नाही याला जास्त भाव. ताशी दोनशे किलोमीटरची सर्व्हिस बाहेर गेली, तर त्या वेगाचं करायचं काय? जोडीदाराची झेप वाया गेलेली असते.

या कामात ज्याने आयुष्य घालवलं असा, आपल्याकडचा माणूस म्हणजे रोहन बोपण्णा. कर्नाटकातल्या कूर्गचा, कॉफीच्या मळ्यांतल्या मुलुखातला. जन्म ४ मार्च १९८०. टेनिसची रॅकेट हातात आली अकराव्या वर्षी, म्हणजे आजच्या हिशेबाने फारच उशिरा. व्यावसायिक झाला २००३ मध्ये. पहिली अनेक वर्षं त्यालाही एकेरीच खेळायची होती. कुठल्या मुलाला खेळायची नसते? पण एकेरीतला त्याचा सर्वांत वरचा क्रमांक २१३, तोही २००७ मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना. क्रमवारीत दोनशेच्या बाहेर म्हणजे लहान गावांतल्या चॅलेंजर स्पर्धा, पहिल्या फेरीचे पैसे परतीच्या तिकिटाला पुरले तर नशीब, आणि प्रशिक्षक पदरी बाळगायचा तर घरून पैसे मागवायचे.

‘एकेरीत जमलं नाही म्हणून दुहेरीत आला’ असं लोक म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच असतं. मला एवढंच म्हणायचंय की हे वाक्य माणूस दारातून आत कसा आला ते सांगतं, आत गेल्यावर वीस वर्षं टिकला कसा ते सांगत नाही. एकेरीत न जमलेले हजारो असतात. त्यातले मूठभर दुहेरीत उरतात. आणि एकेरी त्याला अजिबात येत नव्हती असंही नाही. २०१० मध्ये चेन्नईत डेव्हिस चषकात ब्राझीलविरुद्ध भारत ०-२ ने मागे होता. तिथून २-२ झाले आणि पाचवा, निर्णायक एकेरीचा सामना बोपण्णाने रिकार्दो मेलोला हरवून जिंकला. चेन्नईच्या त्या उकाड्यात.

पहिलं एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या स्पर्धेतलं, विजेतेपद मिळालं ते २००८ मध्ये लॉस एंजेलिसला, अमेरिकेच्या एरिक ब्यूटोरॅकच्या साथीने. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. मग आली पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबरची जोडी, जिने त्याला घराघरांत पोचवलं. २०१० च्या अमेरिकन ओपनची अंतिम फेरी त्यांनी गाठली. समोर बॉब आणि माईक ब्रायन हे जुळे भाऊ. दोन्ही सेट टायब्रेकला गेले आणि दोन्ही गमावले. त्या सामन्याला संयुक्त राष्ट्रांतले भारत आणि पाकिस्तानचे राजदूत शेजारी शेजारी बसून टाळ्या वाजवत होते. हे दृश्य नंतर फारसं कुठे दिसलेलं नाही.

ब्रायन बंधूंना जोडीदार शोधायची कटकट जन्मापासूनच नव्हती. एक डावखुरा, एक उजवा, दोघांनी मिळून १६ ग्रँड स्लॅम आणि ११९ विजेतेपदं घेतली. बाकीच्यांना मात्र स्थळं शोधावी लागतात. लग्न जुळवण्याशी याची तुलना नेहमी होते आणि ती चुकीची नाही, फक्त इथे पत्रिकेतले गुण दर सोमवारी बदलतात.

हिशेब असा. दुहेरीची क्रमवारी जोडीची नसते, प्रत्येकाची स्वतंत्र असते. मागच्या ५२ आठवड्यांत मिळवलेले गुण, ज्याचे त्याच्या खात्यावर. स्पर्धेत प्रवेश मात्र दोघांच्या क्रमांकांची बेरीज करून मिळतो. तुमचा क्रमांक २० आणि जोडीदाराचा ७०, तर बेरीज ९०. लहान स्पर्धेत सोळाच जोड्या घेतात. बेरीज जितकी कमी तितकं आत शिरणं सोपं. त्यात गंमत अशी की दुहेरीऐवजी एकेरीचा क्रमांकही दाखवता येतो. म्हणजे एकेरीतला जगातला पंधरावा खेळाडू, ज्याने वर्षभरात दुहेरीचे चार सामनेही खेळलेले नाहीत, हौस म्हणून नाव देतो आणि सहज आत येतो. त्याच्यापायी एखाद्या पोटार्थी जोडीचं नाव यादीतून खाली घसरतं. मग ती जोडी शुक्रवारी रात्री विमानाचं तिकीट बदलून दुसऱ्या देशातली दुसरी स्पर्धा शोधते.

मोसम नोव्हेंबरात संपतो. त्याच्या आधीचे दोन महिने दुहेरीवाल्यांच्या फोनला उसंत नसते. पुढच्या वर्षी कोण कुणाबरोबर? कोणाचा क्रमांक वर सरकतोय, कोणाचे खांदे दुखतायत, कोण डाव्या बाजूने रिटर्न घेतो, कोणाला मूल झालंय म्हणून प्रवास कमी करायचाय. जोडी फुटली तरी गुण आपापल्या खात्यावर राहतात, त्यामुळे वेगळं होणं सोपं आहे, आणि म्हणूनच ते वारंवार होतं. बोपण्णाच्या जोडीदारांची नावं घ्यायची तर कुरेशी, महेश भूपती, डॅनियल नेस्टर, फ्लोरिन मर्जिया, पाब्लो क्युव्हास, दिविज शरण, डेनिस शापोवालोव्ह, मॅटवे मिडलकोप, मॅथ्यू एब्डेन… आणि ही यादी अर्धीसुद्धा नाही. भूपतीबरोबर २०१२ मध्ये आणि मर्जियाबरोबर २०१५ मध्ये तो वर्षअखेरच्या आठ जोड्यांच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला आणि दोन्ही वेळा हरला. प्रत्येक जोडीदाराबरोबर खुणांची लिपी नव्याने ठरवायची, मधला चेंडू कोणी घ्यायचा ते ठरवायचं, हरल्यावर तासभर गप्प बसायचं की लगेच बोलायचं तेही ठरवायचं. एकेरीच्या खेळाडूला यातलं काही करावं लागत नाही. तो हरला की स्वतःवर चिडतो, संपलं.

पैशांचं सांगायचं तर २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीच्या विजेत्याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७ लाख ३० हजार, आणि तेही दोघांत वाटून. गरिबी नव्हे, पण फरक बघा. आणि ही झाली जिंकणाऱ्यांची गोष्ट. खालच्या फळीतले दुहेरीवाले एक प्रशिक्षक दोघांत वाटून घेतात, कधी कधी हॉटेलची खोलीही.

संघटनांना हे लोक कायम थोडे जड वाटत आले आहेत. २००५ मध्ये एटीपीने दुहेरीची गुणपद्धत आखूड करायचं आणि प्रवेशाला एकेरीच्या क्रमवारीची अट जोडायचं ठरवलं, तेव्हा ब्रायन बंधूंसह दुहेरीचे खेळाडू थेट कोर्टात गेले. म्हणजे न्यायालयात. तडजोड झाली आणि २००६ पासून एटीपीच्या स्पर्धांत ४०-४० झाल्यावर एकच निर्णायक पॉइंट, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक आला. सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची ते त्या निर्णायक पॉइंटला रिटर्न करणारी जोडी निवडते. मला स्वतःला हा बदल आवडला, हे जुन्या खेळाडूंसमोर बोलायची सोय नाही. सामना दीड तासात आटपतो, आणि प्रत्येक ४०-४० ला रेघेवर बसणाऱ्याच्याही पोटात गोळा येतो. पण नशिबाचा वाटा वाढला हेही खरंच. वर्षभराची मेहनत दहा गुणांत उडून जाते. ग्रँड स्लॅममध्ये तिसरा सेट पूर्ण खेळतात. विम्बल्डनला तर पुरुष दुहेरी २०२२ पर्यंत पाच सेटची होती.

पुण्याने बोपण्णाला दोनदा जिंकताना पाहिलं आहे. २०१९ च्या जानेवारीत टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेत दिविज शरणबरोबर, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत रामकुमार रामनाथनबरोबर. दुसऱ्या वेळचा अंतिम सामना ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथ या ऑस्ट्रेलियन जोडीशी. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा घेतला आणि शेवटचा टायब्रेक १०-६ असा काढला. तेव्हा बोपण्णा एक्केचाळिशी पार करून बेचाळिसाव्याकडे निघाला होता. आमच्यातल्या पुष्कळांनी धरलं होतं की हा आता घरच्या मैदानावर शेवटचे सत्कार घेत फिरतोय.

तसं वाटायला कारण होतं. कोरोनाआधीच त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून संपली होती. रोज वेदनाशामक गोळ्या चालल्या होत्या. मग टाळेबंदीच्या काळात त्याने अय्यंगार योग धरला. दोऱ्या, पट्टे, विटा, खुर्च्या यांचा आधार घेऊन आसनं करायची ती पद्धत. बी. के. एस. अय्यंगार यांनी ती आमच्या पुण्यात घडवली, पण बोपण्णा ती बंगळुरूत शिकला. गोळ्या सुटल्या, पाय बळकट झाले. तरी २०२१ च्या पहिल्या पाच महिन्यांत एकही सामना जिंकता आला नव्हता आणि आपलं संपलं असं वाटलं होतं, हे त्याने स्वतः पुढे मेलबर्नला सांगितलं. २०२२ मध्ये मिडलकोपबरोबर तो फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोचला, आणि २०२३ पासून एब्डेनशी गाठ पडली.

एब्डेन त्याच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, नेटवर चपळ, रिटर्नला घट्ट. बोपण्णाची सर्व्हिस म्हणजे हातोडा. मार्च २०२३ मध्ये दोघांनी इंडियन वेल्स जिंकली आणि बोपण्णा मास्टर्स १००० दर्जाची, म्हणजे ग्रँड स्लॅमखालोखालची, स्पर्धा जिंकणारा सर्वांत वयस्क खेळाडू झाला. पुढच्या मार्चमध्ये मायामीला त्याने आपलाच विक्रम मोडला. मध्ये, २०२३ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात ते राजीव राम आणि जो सॅलिसबरी यांच्याकडून तीन सेटमध्ये हरले. त्या सामन्यात निर्णायक सेट चालू असताना चेंडू बोपण्णाच्या हाताला पुसटसा लागून गेला. अंपायरला दिसलं नव्हतं, प्रतिस्पर्ध्यांनाही नाही. त्याने स्वतः सांगून पॉइंट सोडून दिला. आम्हा अंपायर मंडळींत ही गोष्ट विजेतेपदापेक्षा जास्त सांगितली जाते. त्याच महिन्यात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेला घेऊन त्याने मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. पहिला सेट २-६ गमावून, शेवटचा टायब्रेक १०-४ असा.

मग २७ जानेवारी २०२४. मेलबर्नच्या रॉड लेव्हर अरेनावर इटलीच्या सिमोने बोलेल्ली आणि आंद्रेआ वावासोरी यांना ७-६, ७-५ असं हरवून पुरुष दुहेरीचं त्याचं पहिलं ग्रँड स्लॅम. मिश्र दुहेरीचं फ्रेंच ओपन २०१७ मध्ये गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर मिळालं होतं, पण हे वेगळं. पहिल्या सेटचा टायब्रेक ७-०. दोन दिवसांनी क्रमवारी लागली आणि त्रेचाळीस वर्षांचा माणूस जगात पहिला. त्याआधीचा सर्वांत वयस्क पहिला क्रमांक माईक ब्रायनचा, एक्केचाळिसाव्या वर्षीचा.

दुहेरी आणि एकेरी हे किती वेगळे धंदे आहेत हे बघायचं तर त्याच वर्षीचं पॅरिस ऑलिंपिक बघा. ऐनवेळी काहींनी माघार घेतली म्हणून एब्डेनला एकेरीत घेतलं गेलं. दोन वर्षांत त्याने एकेरी खेळलेली नव्हती, आणि समोर नोव्हाक जोकोविच. ६-०, ६-१. लोकांनी भरपूर चेष्टा केली. त्याच आठवड्यात एब्डेनने जॉन पियर्सबरोबर दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. चेष्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो सामना पाहिला असेल? बोपण्णा तिथे श्रीराम बालाजीबरोबर पहिल्याच फेरीत हरला आणि भारताकडून खेळणं त्याने थांबवलं. वर्षाखेर एब्डेन आणि तो वेगळे झाले. भांडण नाही, काही नाही, बेरीज बदलली.

२०२५ मध्ये अमेरिकन ओपनने मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधी, दोन दिवसांत उरकायचं ठरवलं. सोळा जोड्या, चार-चार गेमचे आखूड सेट, विजेत्यांना दहा लाख डॉलर, आणि निमंत्रणं बहुतेक एकेरीच्या बड्या नावांना. आदल्या वर्षीचे विजेते सारा एर्रानी आणि वावासोरी, तोच मेलबर्नला हरलेला वावासोरी, यांनी या प्रकारावर उघड टीका केली होती. त्यांना एक जागा दिली गेली. अंतिम फेरीत त्यांनी इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड यांना हरवून चषक परत नेला. मी घरी सोफ्यावर उभी राहून ओरडले, हे माझ्या यजमानांनी शेजारी सगळ्यांना सांगितलंय.

घरी, कारण आमचं काम तोवर संपलं होतं. २०२५ पासून एटीपी स्पर्धांत रेघांचे निर्णय कॅमेरेच देतात, विम्बल्डनलाही. कॅमेरा चुकत नाही, ठीक आहे. पण सर्व्हरच्या मागची ती जागा आता रिकामी असते, याची थोडी हुरहूर वाटते. त्या खुणा तिथून फुकट बघायला मिळायच्या.

बोपण्णाने १ नोव्हेंबर २०२५ ला निवृत्ती जाहीर केली. शेवटचा सामना त्याआधी पॅरिसच्या मास्टर्स स्पर्धेत, जोडीला कझाकस्तानचा अलेक्झांडर बुब्लिक, जो मुळात एकेरीचा. समोरच्यांत एब्डेनचा ऑलिंपिकचा जोडीदार जॉन पियर्स. निर्णायक टायब्रेकपर्यंत ताणून ८-१० असा गेला.

दोन महिने आधी, त्याच अमेरिकन ओपनमध्ये युकी भांब्री मायकल व्हीनसबरोबर पुरुष दुहेरीच्या उपांत्य फेरीत पोचला. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचं ज्युनिअर विजेतेपद घेतलेला हा मुलगा एकेरीत ८३ पर्यंत चढला होता, दुखापतींनी खाली आणला आणि तो दुहेरीकडे वळला. ग्रँड स्लॅमची ही त्याची पहिली उपांत्य फेरी, तेहतिसाव्या वर्षी. म्हणजे बोपण्णाच्या मेलबर्नला गाठायला त्याच्या हातात तेव्हा अजून दहा वर्षं होती.